१४२ किलोमीटरवर राईड सोडली. डिसेंबरमध्ये २०० पुरे होतील का?

प्रश्न : वय ४६, वजन ७४ किलो, साताऱ्यात बँकेत नोकरी. दोन वर्षांपूर्वी रोड बाइक घेतली. पुढच्या चकत्या ५०-३४ दातांच्या, मागच्या ११-२८, टायर २५ एमएमचे, रिम ब्रेक. आठवड्यात दोनदा तासभर आणि रविवारी ५०-६० किलोमीटर चालवतो. जानेवारीत पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) केली आणि १४२ वर सोडली. सकाळी ६ ला सुटलो, पहिले ६० किलोमीटर तरुण पोरांच्या घोळक्यात ताशी २७ च्या वेगाने गेलो. नाश्त्याला २५ मिनिटं थांबलो. १०० च्या कंट्रोलवर (वाटेतलं हजेरी नोंदवायचं ठिकाण, ते ठरलेल्या वेळी बंद होतं) १०:५० ला पोचलो, जेवून जरा आडवा झालो, १२:०५ ला निघालो. ११८ वर मागचं चाक पंक्चर झालं, ५० मिनिटं गेली. तीन किलोमीटरवर तेच चाक पुन्हा बसलं, आणखी ४० मिनिटं. दुपारी अन्न नकोसं झालं होतं, नुसतं पाणी पीत होतो. मांड्यांना गोळे आले, उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, गुडघा पुढून दुखायला लागला. ४:१० ला मी १४२ वर होतो आणि १५० चं कंट्रोल ४ ला बंद झालं होतं. घरचे म्हणतात, वय झालं. मित्र म्हणतो, वापरलेली कार्बन व्हील्स १५ हजारांत मिळतायत, घेऊन टाक. भाऊ म्हणतो, या वेळी मी गाडी घेऊन मागे राहतो. डिसेंबरच्या मध्याला पुन्हा २०० आहे, हातात १२ आठवडे आहेत. काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वेळा इतक्या नीट टिपून पाठवल्यात हे फार बरं केलंत. 'पाय गेले' एवढंच कळवलं असतं तर उत्तरही मोघम द्यावं लागलं असतं. आता सरळ हिशेब मांडता येतो.

६ ते ४:१० म्हणजे १० तास १० मिनिटं. त्यात नाश्त्याची २५, कंट्रोलवरची ७५ आणि दोन पंक्चरांची ९० मिनिटं, म्हणजे ३ तास १० मिनिटं तुमची सायकल उभी होती. उरलेल्या ७ तासांत १४२ किलोमीटर. ताशी २० च्या किंचित वर, आणि तेही गोळे आलेले असताना. २०० च्या बीआरएमला मुदत असते साडेतेरा तासांची. २० च्या सरासरीने २०० किलोमीटरला १० तास लागतात आणि थांबायला साडेतीन तास उरतात. म्हणजे राईड पुरी करण्याइतका वेग तुमच्याकडे जानेवारीतच होता.

आता तोच दिवस थोडा बदलून बघा. पंक्चर दोन्ही झालीच, पण प्रत्येकाला २० मिनिटं लागली. १०० च्या कंट्रोलवर ७५ ऐवजी ३० मिनिटं थांबलात. यात ९५ मिनिटं वाचतात, म्हणजे तुम्ही १४२ वर २:३५ ला असता. पुढचे ८ किलोमीटर रखडत अर्ध्या तासात काढले तरी १५० च्या कंट्रोलवर ३:०५ ला पोचलात, ते बंद व्हायला ५५ मिनिटं बाकी. शेवटच्या ५० किलोमीटरला संध्याकाळी साडेसातपर्यंत ४ तास २५ मिनिटं. एवढ्या वेळात ताशी साडेअकराने चाललं तरी भागतं. पायांत काडीची सुधारणा न करता ही राईड झाली असती. ४६ वयाचं ओझं मनातून काढून टाका. दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या १२०० किलोमीटरमध्येही पन्नाशीचे लोक भरपूर असतात.

कंट्रोल बंद होण्याचं गणित एकदा डोक्यात बसवा. ६० किलोमीटरनंतरची कंट्रोल ताशी १५ च्या हिशेबाने बंद होतात. ६ ला सुटलात तर १०० चं कंट्रोल १२:४० ला, १५० चं ४ ला आणि शेवट साडेसातला. या तीन वेळा कागदावर लिहून टॉप ट्यूबला, म्हणजे सीटपासून हँडलकडे जाणाऱ्या वरच्या नळीला, पारदर्शक चिकटपट्टीने चिकटवा. तुम्ही १०० वर १०:५० ला पोचलात तेव्हा हातात १ तास ५० मिनिटं होती. निघालात तेव्हा ३५ मिनिटं. समोर कागद असता तर पाठ टेकली नसती.

पहिले ६० किलोमीटर

२७ ने ६० किलोमीटरला सव्वादोन तास लागले असतील. नाश्त्यानंतरच्या ४० किलोमीटरला मात्र जवळजवळ तितकाच वेळ लागलाय, म्हणजे वेग १८ वर आला. दुपारी तो १६ पर्यंत घसरला. हेच ६० किलोमीटर २२ ने काढले असते तर जेमतेम अर्धा तास जास्त लागला असता. तो अर्धा तास वाचवायला गेलात आणि पुढे त्याहून जास्त गमावलात.

कारण असं. शरीरात साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. चरबीचा साठा जवळपास अमर्याद, पण ती सावकाश जळते. जोर जितका जास्त, तितका साखरेचा वाटा वाढतो. धाप लागेल असं दोन तास चालवलं की तो साठा बराचसा संपतो आणि दिवस तर अजून सगळा पुढे असतो. शिवाय जोरात चालवताना रक्त पायांकडे वळतं, पोटाला कमी मिळतं, त्यामुळे दुपारी अन्न समोर आलं की मळमळतं. तुमचं दुपारचं 'अन्न नकोसं' हे सकाळच्या २७ पासून सुरू झालेलं आहे.

डिसेंबरमध्ये पहिल्या दोन तासांसाठी कसोटी एकच ठेवा : शेजारच्याशी पूर्ण वाक्यात, मध्ये दम न घेता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की घोळका सोडून द्या. घोळक्याच्या आडोशाला वारा कमी लागतो हे खरं, पण मधूनमधून पुढच्याचं चाक सुटतं आणि ते पकडायला जोर मारावा लागतो. असे वीस-तीस झटके सकाळी खर्च झाले की त्यांची वसुली दुपारी मांड्यांतून होते. तुमच्या वेगाचे दोघंतिघं मागून येतातच, त्यांना धरा.

गोळ्यांचंही मूळ बरंचसं इथेच आहे. 'मीठ कमी पडलं म्हणून गोळे आले' असं सर्रास म्हणतात. मिठाचा भाग असतो, पण मोठा भाग थकलेल्या स्नायूचा असतो : सवयीपेक्षा जास्त जोर, सवयीपेक्षा जास्त वेळ, आणि जड गिअर. रविवारी ६० चालवणाऱ्या मांडीकडून १४० मागितले की ती तक्रार करणारच.

खाणं

पहिल्या तासापासून खायचं, भुकेची वाट बघायची नाही. दर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य ठेवा. ते घरच्या डब्यातून सहज जमतं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम. एका पोळीवर २० ग्रॅम किसलेला गूळ आणि बोटभर तूप लावून घट्ट गुंडाळी केली की जवळपास ३५. चार साध्या खजुरांत २० च्या वर. गुळपोळी उत्तमच, फक्त तिचे चार तुकडे करून ठेवा. अख्खी हातात धरून चालत्या सायकलवर खाता येत नाही. शेंगदाण्याची चिक्की सकाळी ठीक, दुपारी तोंड कोरडं पडलं की ती चावता चावत नाही. तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा जातो.

बाटली अशी भरा : ७५० मिलिलिटर पाण्यात ४० ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि पाव छोटा चमचा मीठ. पाव चमचा म्हणजे दीड ग्रॅम मीठ, त्यात सोडियम साधारण ६०० मिलिग्रॅम. ही बाटली तासाभरात संपली आणि सोबत एक केळं गेलं की ६० ग्रॅमचा हिशेब पुरा. दुसऱ्या बाटलीत साधं पाणी, तोंड धुवायला आणि घास उतरवायला. ४० ग्रॅम साखर घरच्या वजनकाट्यावर एकदा मोजून बघा, अंदाजापेक्षा बरीच भरते. मग त्याच मापाच्या पाच-सहा पुड्या मिठासकट बांधून खिशात ठेवा, ही बाटली भरताना एक उघडली की झालं. लिंबू टपरीवर मिळतं.

ओआरएसबद्दल एक गैरसमज दूर करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं एक पाकीट लिटरभर पाण्यात घातलं की त्यात ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. ते जुलाब झालेल्या माणसाच्या पाण्याची आणि क्षारांची भरपाई करायला बनवलंय. त्यावर सायकल चालत नाही. दोन पाकिटं खिशात असू द्या, पण त्यांना खाणं समजू नका. आणि दुपारभर नुसतं पाणी पिणं, जसं तुम्ही केलंत, ते तर टाळाच. घामातून मीठ जातंय आणि वर साधं पाणी ओततोय, याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि प्रकार वाढला तर जिवावर बेततो.

घाम किती जातो ते मोजायला सोपं आहे. एका रविवारी निघण्याआधी कमी कपड्यांत वजन करा, दोन तास चालवून या, अंग पुसून पुन्हा करा. जितके किलो कमी, तितके लिटर घाम. वाटेत प्यायलात ते त्यात मिळवा आणि दोनाने भागा. ताशी ८०० मिलिलिटर निघाला तर ५०० ते ७५० प्यायलं तरी चालतं, अगदी बरोबरी साधायची गरज नसते.

राईडच्या दिवशी दुपारचं ताट नको. तिखट रस्सा, भाकरी, वर ताक आणि मग डुलकी, हे सुटीच्या दिवशी. १०० च्या कंट्रोलवर दहीभात किंवा इडली, तीही अर्धं पोट. उसाचा रस चांगला, पण बर्फाशिवाय घ्या. बर्फाच्या पाण्याचा भरवसा नसतो.

तेच चाक दुसऱ्यांदा का बसलं

यावर जरा थांबू या, कारण तुमची दीड तासाची सर्वांत मोठी गळती इथे आहे.

हायवेच्या साइडपट्टीवर ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या चिंध्या पडलेल्या असतात. त्या टायरमध्ये पोलादी तारा असतात, केसाएवढ्या बारीक. त्यातला पाच-सहा मिलिमीटरचा तुकडा तुमच्या टायरमध्ये शिरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. तुम्ही ट्यूब बदलता, हवा मारता, निघता, आणि ती तार नव्या ट्यूबला दोन-तीन किलोमीटरमध्ये पुन्हा भोक पाडते. तीन किलोमीटरमध्ये तेच चाक बसलं याचा अर्थ बहुतेक हाच.

म्हणून ट्यूब बदलण्याचा क्रम असा ठेवा. मागचं चाक काढण्याआधी चेन सर्वांत लहान चकतीवर आणा. टायरची एकच बाजू रिमवरून उतरवा, दुसरी तशीच राहू द्या. ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती ती दिशा विसरू नका. आता ट्यूबमध्ये हवा मारा, ओठांजवळ धरून फिरवा. ओठांना बारीक हवाही कळते. भोक सापडलं की वॉल्व्हपासून त्याचं अंतर मोजा आणि टायरवर तीच जागा शोधा. दोषी तिथेच आहे.

तिथे बोट फिरवायचं नाही, चिरतं. थोडा कापूस घ्या आणि टायरच्या आतून दोन्ही दिशांनी हळू फिरवा. तार असेल तिथे कापसाचा एक धागा अडकून राहतो. बाहेरून तो भाग दुमडा, तारेचं टोक वर येतं, ते चिमट्याने उपसा. भुवयांचा साधा चिमटा चालतो, तो आणि कापसाची बारकी गुंडाळी ट्यूबसोबतच पिशवीत ठेवा. हे सगळं केल्यावरच नवी ट्यूब. ती आधी फुंकर मारल्याइतकी फुगवा, म्हणजे टायरखाली चिमटली जात नाही. शेवटचा भाग अंगठ्यांनीच चढवा. लिव्हरने चढवायला गेलात तर नवी ट्यूब तिथेच कापली जाते.

भोकाची जागाही बोलते. बाहेरच्या अंगाला एकच भोक असेल तर तार, काच, काटा. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर आपटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकलीय, ती नीट केल्याशिवाय कितीही ट्यूब घाला.

घरी मागच्या चाकाची ट्यूब तीनदा बदला, घड्याळ लावून. पहिल्यांदा ४० मिनिटं लागतील, तिसऱ्यांदा १५. पुढची एक खेप अंधारात, डोक्याला दिवा लावून. सोबत दोन नव्या ट्यूब, सहा पॅच, सोल्यूशन, दोन लिव्हर, छोटा पंप, चेन तोडायचं हत्यार असलेला मल्टिटूल, चेनची एक जोडकडी आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा. टायर चिरला तर तो आतून लावायचा. आणखी एक बारकी गोष्ट लोक हमखास विसरतात : पितळी वॉल्व्ह अ‍ॅडाप्टर. रोड बाइकचा वॉल्व्ह बारीक असतो, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीचं तोंड त्याला बसत नाही. हा अ‍ॅडाप्टर असला की कुठल्याही टपरीवर चाक टणक करून घेता येतं. मात्र मशीनवाल्याला सांगा, थोडी थोडी हवा सोड.

हात, गुडघा आणि सायकल

करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होणं म्हणजे तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस दाबली जातेय. सहसा कारण सीटमध्ये असतं. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि तो भार दिवसभर तळहात पेलतात. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) सीटवर ठेवा आणि सीट सरळ करा. तरीही हातावर भार वाटला तर हँडलखालच्या रिंगा बदलून हँडल सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर घ्या. कोपर ताठ ठेवू नका, दर दहा मिनिटांनी पकड बदला : वरची आडवी पट्टी, ब्रेकचे हूड, खालचा वाक. राईड संपल्यावर दोन दिवसांनीही बोटं बधिर असतील तर डॉक्टरांना दाखवा.

गुडघा पुढून दुखतो तेव्हा पहिला संशय सीट खाली असल्याचा. भिंतीला धरून सायकलवर बसा, पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर तिरकी व्हायला नको. मग पंजा पॅडलवर आला की गुडघ्यात योग्य तेवढा वाक राहतो. सीट एका वेळी ३ मिलिमीटरच हलवा आणि दोन राईडनंतर पुन्हा ठरवा. एकदम दोन सेंटिमीटर वर घेतली तर दुखणं गुडघ्याच्या मागे जातं.

दुसरा संशय गिअरचा. ३४-२८ वर ७० च्या कॅडेन्सने (मिनिटाला पॅडलचे फेरे) वेग पडतो पावणेअकराच्या आसपास. चढावर त्याहून हळू झालात की पाय अडखळत ढकलावं लागतं आणि सगळा ताण गुडघ्याच्या वाटीवर येतो. मागे ११-३२ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) टाकलीत तर तोच कॅडेन्स साडेनऊच्या वेगाला टिकतो. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३२ दात पेलतो का ते मेकॅनिककडून आधी बघून घ्या. कॅसेट बदलताना चेनही नवी टाका, जुनी असेल तर नव्या दातांवर उड्या मारते.

टायरमध्ये किती हवा मारता ते लिहिलेलं नाही. २५ च्या टायरमध्ये १०० पीएसआयच्या वर मारत असाल तर ते आपल्या डांबराला फार कडक आहे. प्रत्येक खरवड थेट हातात येते. ब्रेकखाली जागा असेल तर २८ चे टायर टाका, पुढे ७०-७५, मागे ८०. नसेल तर २५ मध्येच पुढे ८५, मागे ९०-९५.

कार्बन व्हील्स घेऊ नका. चढावर वाचतील ती मिनिटं एका कंट्रोलवरच्या चहात जातात. त्यात रिम ब्रेकवर कार्बनच्या रिमा घाट उतरताना तापतात, त्यांचे ब्रेक पॅड वेगळे लागतात, आणि वापरलेल्या रिमेला आतून काय झालंय ते बाहेरून कळत नाही. त्या १५ हजारांत टायर, कॅसेट, चेन, एक चांगली पॅडेड शॉर्ट्स आणि दिवे हे बहुतेक सगळं बसतं. शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, शिवण घासते. मांडीच्या सांध्यात व्हॅसलीन लावा.

१२ आठवडे

तासभराच्या दोन राईड आणि रविवार हा तुमचा पाया ठीक आहे. तो वाढवायचा, मोडायचा नाही. रविवारची अंतरं अशी धरा : ६०, ७५, ९०, मग उतरून ६०. पुढे १००, ११५, १३०, पुन्हा ८०. मग १४०, १६०, नंतर ८०, आणि बाराव्या आठवड्यात राईड. चौथा आणि आठवा आठवडा हलका ठेवायचा म्हणजे ठेवायचाच. मजबुती विश्रांतीत येते, आणि जोश असतो म्हणून नेमका तोच आठवडा लोक खातात. १६० च्या पुढे सरावाला जायची गरज नाही. १६० नीट खाऊन-पिऊन ज्याने केले तो २०० करतो.

मंगळवारी सपाटीवर तासभर, हलका गिअर, कॅडेन्स ८५-९०. गुरुवारी यवतेश्वरचा घाट. घराशेजारी असा चढ असणं हे भाग्य आहे, त्याचा पुरेपूर वापर करा. १० मिनिटं गरम होऊन ८ मिनिटांचा एक चढ, बसून, कॅडेन्स ६५-७०, तीन-चार शब्द बोलता येतील इतपत जोर. मग उतरून दुसरा. तिसऱ्या आठवड्यापासून तीन, सहाव्यापासून १० मिनिटांचे तीन. सप्टेंबर-ऑक्टोबरात याच रस्त्यावर कासच्या फुलांसाठी गाड्यांची रीघ लागते, म्हणून तिकडे शनिवार-रविवारी जाऊ नका, आणि गुरुवारीही उजाडता उजाडता चढून मोकळे व्हा. पाऊस पडून गेला असेल तर उतारावर ब्रेक आधीपासून हलके दाबत चला, ओल्या रिमवर पकड उशिरा येते. तिसऱ्या आठवड्यापासून शनिवारी तासभर अगदी सावकाश.

पाचव्या आठवड्यातल्या १०० साठी वाई गाठून पसरणी घाट चढा आणि पाचगणीहून परत या. ९५ च्या आसपास भरतात. सातव्याचे १३० आणि दहाव्याचे १६० मात्र हायवेवर करा, कराडच्या दिशेने, कारण बीआरएमचा कंटाळा हायवेच शिकवतो : सलग वारा, ट्रकचा झोत, तीच ती पांढरी रेघ. या दोन राईड म्हणजे रंगीत तालीम. तीच शॉर्ट्स, तोच डबा, त्याच पुड्या. १३० च्या राईडमध्ये एकूण थांबणं एका तासाच्या आत बसवा, आणि १६० ला पहाटे ५ ला, दिवे लावून निघा.

दिव्यांचं महत्त्व तुमच्या लक्षात आलं नसेल, कारण जानेवारीत तुम्ही संध्याकाळपर्यंत पोचलाच नाहीत. डिसेंबरच्या मध्याला साताऱ्यात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे सकाळचा तासभर आणि शेवटचा दीड तास अंधार, तोही तुम्ही सगळ्यात दमलेले असताना. मागे दोन लाल दिवे, एक सीटच्या नळीला आणि एक हेल्मेटला. पुढचा दिवा रस्ता दाखवणारा हवा, नुसता लुकलुकणारा नको. परावर्तक जॅकेट सकाळपासून अंगातच ठेवा. रात्री साइडपट्टीच्या कडेला वाळू असते, म्हणून पांढऱ्या रेघेच्या लगत चाला. राँग साइडने दिवा न लावता येणारी मोटरसायकल गृहीतच धरा.

सराव सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या. चाळिशीनंतर डॉक्टर ट्रेडमिलवरची तपासणी सुचवतात, सुचवली तर करा. चढावर छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, वेगळीच धाप, यातलं काही झालं तर तिथेच उतरायचं. त्याला सरावाची कमतरता समजायचं नाही.

त्या दिवशी

आदल्या रात्री वरण-भात, लवकर. झोप आदल्या रात्री लागत नाहीच, म्हणून तिच्या आदल्या दोन रात्री भरपूर झोपा. पहाटे साडेचारला उपमा किंवा पोहे, कमी तेलाचे. नवीन काहीही त्या दिवशी वापरायचं नाही, ना बूट, ना जेल.

कंट्रोलवर उतरल्यावर क्रम ठरलेला : आधी कार्ड किंवा ॲपची नोंद, मग बाटल्या, मग लघवी, शेवटी पोट. बसण्याआधी बाटल्या भरलेल्या असल्या की उठताना आळस येत नाही. १०० वर ३० मिनिटं, बाकी प्रत्येक ठिकाणी १०. नाश्त्यासाठी वेगळं थांबू नका, तो खिशात आहे.

भावाने मागून गाडी आणणं नियमात बसत नाही. बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर घेता येते. दोन कंट्रोलच्या मध्ये गाडीतून बाटली घेतलीत तरी राईड बाद होऊ शकते. शिवाय मागे गाडी आहे हे माहीत असलं की १४२ वर पुन्हा तिच्याकडेच लक्ष जाईल. त्यापेक्षा भावाला संध्याकाळी सातला शेवटच्या कंट्रोलवर बोलवा. येताना डब्यात मुगाची खिचडी, कोरडे कपडे आणि चपला आणू दे. सायकल गाडीवर बांधायचं काम त्याचं आणि घरापर्यंत गाडी चालवायचंही त्याचंच. साडेतेरा तासांनंतर हायवेवर स्टिअरिंग तुमच्या हातात नको.